शीत अवयव-परिरक्षण व रक्तवाहिनी-संरक्षण

प्रतिरोपणासाठी दात्याच्या शरीरातून काढलेले वृक्क (मूत्रपिंड), यकृत, हृदय, फुप्फुस इ. अवयव ग्राहीच्या शरीरात जोडले जाईपर्यंत कमी तापमानात ठेवून त्यांची जीवनक्षमता टिकविण्याच्या तंत्राला शीत अवयव-परिरक्षण म्हणतात. सामान्यतः अवयवातील रक्त योग्य त्या थंड विद्रावाने धुऊन काढतात व तो अवयव त्याच विद्रावात बुडवून बर्फाच्या पेटीत सुमारे ४° से. तापमानाला ठेवतात. या तंत्राचा इतिहास बहुधा वाढत गेलेल्या तासांच्या हिशेबात सांगितला जातो. तथापि त्याला दुसरीही एक बाजू आहे. अवयवाचे मुख्य कार्य करणाऱ्या कोशिका (पेशी) शीत साठवणीत तग धरतात; पण त्यांना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांचे आतील अस्तर त्याच अवधीत निकामी होते व रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताच अवयवाचा घात होतो. हे ध्यानात येण्यास दीर्घ काळ लागला. या अस्तराला अंतःस्तर म्हणतात. अंतःस्तराचे संरक्षण हा आज परिरक्षणातील मध्यवर्ती प्रश्न मानला जातो.

अंतःस्तर : हृदय व सर्व रक्तवाहिन्या यांच्या आतील पृष्ठभागावर चपट्या कोशिकांचा एकपदरी थर असतो. ‘एंडोथेलियम’ ही त्याची संज्ञा स्विस शारीरविज्ञ व्हिल्हेल्म हिस यांनी १८६५ मध्ये प्रचारात आणली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे हा थर म्हणजे रक्त व ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) यांच्यामधील एक निष्क्रिय पडदा आहे, अशीच समजूत होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे तिला धक्का बसला. १९६४ मध्ये एव्हाल्ट व्हायबेल व जॉर्ज पॅलाडी यांनी या कोशिकांत दंडाकार कणिका असल्याचे दाखविले. रक्त साखळण्यास मदत करणारी व श्वेत कोशिकांना चिकटवून धरणारी प्रथिने या कणिकांत साठविलेली असतात, हे पुढे स्पष्ट झाले. १९६६ मध्ये जे. एच. लुफ्ट यांनी रुथेनियम रेड या रंजकाच्या साहाय्याने अंतःस्तराच्या रक्ताकडील बाजूवर शर्करायुक्त रेणूंचा एक नाजूक लेप असल्याचे दाखवून दिले. १९७३ व १९७४ मध्ये मानवी नाळेतील नीलेच्या अंतःस्तराच्या कोशिका प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले आणि त्यांचा प्रत्यक्ष अभ्यास सुकर झाला. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट व जॉन झवाड्झ्की यांनी सशाच्या महारोहिणीवर प्रयोग केले. ॲसिटिलकोलिनामुळे वाहिनी शिथिल होते ती अंतःस्तर शाबूत असेल तरच, तो खरवडून काढल्यास नाही, असे त्यांना आढळले. शिथिलता आणणारा हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड होय, हे त्याच दशकाच्या उत्तरार्धात निश्चित झाले. या संशोधनाबद्दल फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिद मुराद यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. वाहिनीचा व्यास नियंत्रित करणे, रक्त प्रवाही ठेवणे, द्रव बाहेर झिरपू न देणे आणि श्वेत कोशिकांना नको तेथे चिकटू न देणे ही कामे हा थर अखंड करीत असतो. अवयव शरीराबाहेर असताना याच कामांवर आघात होतो.

प्रारंभीचे प्रयोग : शीत साठवणीचा आरंभ रक्तवाहिन्यांपासूनच झाला, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद आलेक्सी कारेल (१८७३–१९४४) यांनी १९०२ मध्ये ल्याँ येथे रक्तवाहिन्यांची टोके एकमेकांना जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या कडेला तीन ठिकाणी टाके घेऊन ती त्रिकोणी ताणावयाची व मग कडेने अखंड टाके घालावयाचे, असे या पद्धतीचे स्वरूप होते. आतील अस्तर कोरडे पडल्यास किंवा चिमट्याने चेंगरल्यास त्या जागी रक्ताची गुठळी होते, हे कारेल यांनी ओळखले होते. त्यामुळे अत्यंत बारीक सुया व पेट्रोलियम जेली लावलेला रेशमी धागा वापरण्यावर त्यांचा कटाक्ष असे. पुढे न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी प्राण्यांच्या रोहिण्या गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानात कित्येक दिवस साठवून मग दुसऱ्या प्राण्यांत जोडल्या. या अवस्थेला त्यांनी रोहिण्यांचे ‘सुप्त जीवन’ असे नाव १९१० मधील एका निबंधात दिले. १९१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९३० नंतरच्या दशकात कारेल यांनी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या सहकार्याने काचेचा स्पंदनशील पंप तयार केला. त्यात जंतुसंसर्ग होऊ न देता सबंध अवयवातून पोषक द्रव खेळविता येत असे. ही दोन्ही कामे काळाच्या पुढची होती. प्रतिरोपित अवयव शरीराकडून नाकारला का जातो, हे कळेपर्यंत साठवणीची निकड कोणालाच भासली नाही.

थंडीचा लाभ व तिची मर्यादा : तापमान १०° से.ने उतरले की, कोशिकेतील रासायनिक विक्रियांचा वेग स्थूलमानाने निम्मा होतो. ३७° से. वरून ४° से. पर्यंत उतरल्यावर तो मूळ वेगाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो. ऑक्सिजनाची गरज त्याच प्रमाणात घटते व अवयव काही तास टिकू शकतो. परंतु गरज शून्य होत नाही, ही खरी अडचण आहे. कोशिकेतील ऊर्जासाठा हळूहळू संपतो. सोडियम बाहेर टाकणारी व पोटॅशियम आत राखणारी यंत्रणा ऊर्जेअभावी आणि थंडीमुळेही मंदावते. सोडियम व त्यापाठोपाठ पाणी आत शिरून कोशिका फुगते. मोठ्या रोहिणीत या फुगीमुळे फारसे बिघडत नाही. केशवाहिनीचा व्यास मात्र तांबड्या कोशिकेच्या व्यासाइतकाच असतो. तेथे अंतःस्तराची कोशिका थोडी जरी फुगली तरी मार्ग बंद होतो.

१९५४ मध्ये बॉस्टन येथे जोसेफ मरी यांनी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये वृक्काचे यशस्वी प्रतिरोपण केले. त्यात दाता व ग्राही शेजारशेजारच्या शस्त्रक्रियागृहांत होते, त्यामुळे साठवणीचा प्रश्न उद्‌भवला नाही. मृत दात्याचे अवयव वापरावयाचे ठरताच तो उभा राहिला. ब्रिटिश शस्त्रक्रियाविशारद रॉय कॅल्न व त्यांचे सहकारी यांनी कुत्र्याचे वृक्क बर्फाने थंड करून काही तास टिकविता येते, हे १९६३ मध्ये दाखविले. याच सुमारास पॉल तेरासाकी यांनी लॉस अँजेल्स येथे दाता व ग्राही यांच्या ऊतकांचा जुळणीमेळ पाहण्याची सूक्ष्म कसोटी तयार केली (१९६४). १९६७ मध्ये योन व्हान रोड यांनी नेदर्लंड्‌समधील लायडन येथे यूरोट्रान्सप्लांट ही अवयव-विनिमय संस्था स्थापन केली. जुळणारा ग्राही दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात असण्याचा संभव आता मान्य झाला. अवयवाला तेथपर्यंतचा प्रवास सोसणे भाग पडले.

पंप व पेटी : या गरजेतून दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग फोल्कर्ट बेल्झर यांचा होता. सॅन फ्रॅन्सिस्को येथे थंड रक्तद्रव पंपाने वृक्कातून सतत फिरविण्याचे प्रयोग करताना काही तासांतच वाहिन्यांतील रोध वाढतो व द्रव पुढे सरकत नाही, असे त्यांना आढळले. रक्तद्रवातील अस्थिर वसाप्रथिने गोळा होऊन सूक्ष्म वाहिन्या तुंबवितात, हे त्याचे कारण निघाले. रक्तद्रव एकदा गोठवून, वितळवून व बारीक गाळणीतून गाळून वापरला असता ही अडचण दूर झाली. १९६७ मध्ये त्यांनी कुत्र्याचे वृक्क ७२ तास टिकविले. मानवी मृत दात्याचे वृक्क १७ तास ठेवून यशस्वीपणे प्रतिरोपित केल्याचा वृत्तांत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. अवयवाचे आयुष्य त्याच्या सूक्ष्म वाहिन्या खुल्या राहण्यावर अवलंबून असते, हा धडा या प्रयोगात होता.

दुसरा मार्ग जेफ्री कॉलिन्स यांनी तेरासाकी यांच्या प्रयोगशाळेतून १९६९ मध्ये दाखविला. कोशिकेच्या आत पोटॅशियम जास्त व सोडियम कमी असते. बाहेरच्या विद्रावाची घडणही तशीच ठेवली, तर दोन्हींची देवघेव होण्यास कारणच उरत नाही, असा त्यांचा विचार होता. असा विद्राव वृक्कात सोडून ते केवळ बर्फात ठेवले असता कुत्र्याचे वृक्क ३० तास टिकले. पंपाला यंत्र, जाणकार माणूस व विशेष वाहन लागे. कॉलिन्स यांच्या पद्धतीला बाटली, पिशवी व बर्फाची पेटी पुरे होती. थोड्याच वर्षांत पेटीने पंपाला बहुतेक ठिकाणी मागे टाकले. या विद्रावाचे ‘यूरो-कॉलिन्स’ हे सुधारित रूप १९८० नंतरच्या दशकापर्यंत यूरोपात प्रमाण मानले जात होते.

परंतु या सोयीची एक किंमत होती. अधिक पोटॅशियमामुळे वाहिन्यांच्या भित्तींतील स्नायू आकुंचन पावतात व अंतःस्तरालाही इजा पोहोचते. वाहिनी आकुंचित झाली की, विद्राव सर्व भागांत सारखा पोहोचत नाही व धुणे अपुरे राहते. अशा रीतीने अवयवाच्या मुख्य कोशिकांना मानवणारा विद्राव त्याच अवयवाच्या वाहिन्यांना अपायकारक ठरत होता. हा अंतर्विरोध पुढील दोन दशकांतील संशोधनाच्या मुळाशी आहे.

प्रवाहरोध : १९६८ मध्ये अमेरिकेत ॲडलबर्ट एम्स व त्यांचे सहकारी यांनी सशाच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ थांबवून पुन्हा सुरू केला. मुख्य रोहिणी खुली असूनही काही भागांत रक्त परत शिरतच नाही, असे त्यांना दिसले. १९७२ मध्ये अलेक्झांडर लीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृक्कातही हेच घडते, असे दाखविले. त्यांनी कोशिकांची फुगी हे त्याचे कारण सांगितले व मॅनिटॉलासारखा, कोशिकेत न शिरणारा पदार्थ देऊन ही फुगी टाळता येते, याचाही पुरावा दिला. रक्त पुन्हा मिळाले म्हणजे अवयव वाचला, ही समजूत येथे प्रथम डळमळीत झाली. परिरक्षणविद्रावात तर्षण दाब राखणारे, कोशिकेबाहेरच राहणारे रेणू घालण्याची प्रथा या विचारातून दृढ झाली. १९७६ मध्ये रॉस, मार्शल व एस्कॉट यांनी सायट्रेट व मॅनिटॉलयुक्त विद्रावात कुत्र्याचे वृक्क पंपाविना ७२ तास टिकविल्याचे प्रसिद्ध केले. सायट्रेट विद्राव अनेक वर्षे वृक्कासाठी वापरात राहिला.

विस्कॉन्सिन विद्राव : बेल्झर १९७४ मध्ये मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी जेम्स साउथर्ड यांच्यासमवेत विद्रावाच्या प्रत्येक घटकाची नव्याने छाननी केली. यातून १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेला विद्राव त्या विद्यापीठाच्या नावाने ओळखला जातो. कोशिकेत सहजासहजी न शिरणारे लॅक्टोबायोनेट व रॅफिनोज, वाहिनीबाहेर द्रव झिरपू नये म्हणून हायड्रॉक्सिएथिल स्टार्च, ऊर्जानिर्मितीसाठी ॲडिनोसीन आणि ऑक्सिडीभवनापासून बचावासाठी ग्लुटाथायोन व ॲलोप्युरिनॉल हे त्यातील प्रमुख घटक होत. ॲलोप्युरिनॉलाच्या योजनेमागे १९८१ च्या सुमारास ग्रेंजर, मॅककॉर्ड इत्यादींनी मांडलेला विचार होता. रक्तपुरवठा थांबलेल्या ऊतकात ऑक्सिजन परत येताच झँथीन ऑक्सिडेज या एंझाइमामुळे अतिक्रियाशील ऑक्सिजन-मूलके निर्माण होतात व त्यांचा पहिला आघात वाहिन्यांच्या अस्तरावर होतो, असे या मताचे सार आहे.

या विद्रावात कुत्र्याचे यकृत ४८ तास टिकू शकले. मानवी यकृतासाठी त्याचा वापर १९८७ मध्ये सुरू झाला. यूरो-कॉलिन्स विद्रावात यकृत सहा ते आठ तासांच्या आत जोडावे लागे, त्यामुळे ही शस्त्रक्रिया नेहमीच मध्यरात्रीची धावपळ असे. नव्या विद्रावाने ही मुदत दुपटीहून अधिक वाढली व दूरच्या रुग्णालयातील रुग्णापर्यंत यकृत पोहोचू लागले. तथापि याही विद्रावात पोटॅशियम अधिक आहे, त्याची श्यानता (दाटपणा) जास्त आहे व स्टार्चमुळे तांबड्या कोशिका एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती वाढते. सूक्ष्म वाहिन्यांच्या दृष्टीने हे दोष दुर्लक्षणीय नाहीत.

यकृतातील पुरावा : अंतःस्तराला मध्यवर्ती स्थान मिळाले ते मुख्यतः १९८८–८९ मधील दोन संशोधनांमुळे. टोराँटो येथे स्टीव्हन स्ट्रासबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची यकृते वेगवेगळ्या अवधींसाठी थंडीत ठेवली. यकृत प्रतिरोपणक्षम राहत नाही त्या मुदतीला यकृत-कोशिका बऱ्याच अंशी सुस्थितीत असतात; मात्र कोटरिकांचे (यकृतातील रुंद केशवाहिन्यांचे) अस्तर गंभीर स्वरूपात बिघडलेले असते, असे त्यांना दिसले. चॅपेल हिल येथे जॉन लेमास्टर्स, रोनाल्ड थर्मन इत्यादींना असे आढळले की, अस्तराच्या कोशिका मुख्यत्वे साठवणीनंतर ऑक्सिजनयुक्त द्रव पुन्हा खेळविला जाताना मरतात. उबदार अवस्थेत रक्तपुरवठा थांबला, तर आधी यकृत-कोशिका मरतात. थंडीत मात्र हा क्रम उलटतो. थंडीत या अस्तराच्या कोशिका आपला चपटा आकार सोडून गोल होतात व आधारापासून सुटू लागतात. त्यांना धरून ठेवणारी प्रथिने काही एंझाइमांमुळे विघटित होतात, असे पुढील दशकात दिसून आले. रक्त सुरू झाल्यावर उघड्या पडलेल्या जागी रक्तबिंबिका व श्वेत कोशिका चिकटतात आणि प्रवाह खुंटतो.

इजा केवळ ऑक्सिजनाच्या अभावाने होते असे नाही, थंडी स्वतःही अपाय करते. एसेन येथील उर्झुला रावेन व हर्बर्ट डी ग्रूट यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दाखविल्याप्रमाणे थंडीत कोशिकेतील बंधमुक्त लोहाचे प्रमाण वाढते व हे लोह घातक मूलकांच्या निर्मितीस साहाय्य करते. लोह बांधून ठेवणारी द्रव्ये विद्रावात घातल्यास ही इजा बरीच कमी होते. या निष्कर्षावर आधारलेले विद्राव खास रक्तवाहिन्यांच्या साठवणीसाठीही तयार करण्यात आले.

हृदय व फुप्फुस : या अवयवांच्या बाबतीत वाहिन्यांचा विचार अधिक लवकर झाला. गटिंगेन येथील हान्स युर्गन ब्रेटश्नायडर यांनी हृदय थांबविण्यासाठी तयार केलेल्या विद्रावात पोटॅशियम कमी, हिस्टिडीन हे उभय-प्रतिरोधक (आम्लता स्थिर ठेवणारे) द्रव्य भरपूर व श्यानता पाण्याच्या जवळपास असते. तो बारीक वाहिन्यांतून सहज वाहतो. फुप्फुस म्हणजे बव्हंशी वाहिन्यांचे जाळेच होय. यूरो-कॉलिन्स विद्रावाने फुप्फुस-रोहिण्या आकुंचन पावत, म्हणून प्रोस्टाग्लँडीन देऊन त्या आधी शिथिल कराव्या लागत. जपानमधील प्रयोगांपासून स्फूर्ती घेऊन टोराँटो येथे १९८९ च्या सुमारास कमी पोटॅशियम व डेक्स्ट्रान असलेला विद्राव श्रेष्ठ असल्याचे सिद्ध करण्यात आले. आज फुप्फुसांसाठी तोच सर्वत्र रूढ आहे. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड पिन्स्की व त्यांचे सहकारी यांनी हृदयाच्या विद्रावात नायट्रोग्लिसरीन व चक्रीय एएमपीचे अनुरूप संयुग घातले. साठवणीत अंतःस्तराचे हरपलेले रासायनिक संदेश बाहेरून पुरविण्याचा हा हेतुपुरस्सर प्रयत्न होता.

दूरगामी परिणाम : वाहिन्यांची इजा पहिल्या काही दिवसांपुरती राहत नाही. इजा झालेल्या अंतःस्तराच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने व प्रतिजने प्रकट होतात, ग्राहीच्या प्रतिरक्षायंत्रणेचे लक्ष अवयवाकडे वेधले जाते व तो नाकारला जाण्याचा धोका वाढतो. काही वर्षांनी रोहिण्यांचे अस्तर जाड होऊन अवयव हळूहळू निकामी होतो. तेरासाकी व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पतिपत्नींमधील वृक्क-प्रतिरोपणाचे यश अनपेक्षितपणे मोठे आढळले. ऊतकांचा मेळ बेताचा असूनही ही वृक्के चांगल्या जुळणीच्या मृत दात्यांच्या वृक्कांपेक्षा अधिक टिकली. जिवंत दात्याच्या वृक्काला काढण्यापूर्वी इजा झालेली नसते, हे त्याचे कारण संशोधकांनी दिले.

अलीकडील प्रगती : वाहत्या रक्ताचे घर्षण हीच अंतःस्तराला निरोगी ठेवणारी प्रेरणा असते. साठवणीत प्रवाह थांबताच केएलएफ-२ या संरक्षक जनुकाचे कार्य मंदावते. बार्सेलोना येथील संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांच्या यकृतांवरील प्रयोगांत शीत विद्रावात सिम्व्हास्टॅटीन मिसळून हे कार्य टिकविले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूरोपीय चाचणीत ३३६ दात्यांचे एक वृक्क पेटीत व दुसरे थंड पंपावर ठेवण्यात आले. प्रतिरोपणानंतर कार्य सुरू होण्यास विलंब पेटीतील वृक्कांपैकी २६.५ टक्क्यांत, तर पंपावरील वृक्कांपैकी २०.८ टक्क्यांत झाला. एका वर्षाने अनुक्रमे ९० व ९४ टक्के वृक्के टिकून होती. मागे पडलेला पंप अशा रीतीने पुन्हा वापरात आला. यकृतावरील २०२१ च्या एका चाचणीत ऑक्सिजनयुक्त थंड द्रव खेळविल्याने पित्तनलिकांचे अरुंद होणे १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. या नलिकांचे पोषण सूक्ष्म रोहिण्यांच्या जाळ्यावर अवलंबून असते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच वर्षी टोराँटो येथून फुप्फुसे ४° ऐवजी १०° से.ला अधिक चांगली राहतात, असे वृत्त आले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जयचंद्रन किझाक्केदतू व सहकाऱ्यांनी उंदरांच्या रोहिण्या व वृक्के यांच्या अंतःस्तरावर शर्करायुक्त बहुवारिकाचा थर एंझाइमाच्या साहाय्याने बांधला. साठवणीत झडून गेलेला नैसर्गिक लेप असा कृत्रिम रीतीने भरून काढल्यास अवयव नाकारला जाण्याचे प्रमाण घटते, असे त्यांना दिसून आले (२०२१). हे तंत्र मानवी रुग्णांत वापरण्यापूर्वी बरेच काम व्हावयाचे आहे.

भारतातील संदर्भ : भारतात मस्तिष्कमृत्यूला कायद्याची मान्यता मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम, १९९४ ने मिळाली. महाराष्ट्र व गोवा या राज्यांत तो फेब्रुवारी १९९५ पासून अंमलात आला. तोपर्यंत बहुतेक वृक्के जिवंत नातलगांकडून मिळत व दीर्घ साठवणीचा प्रसंग क्वचितच येई. मृत दात्याचे अवयव मिळू लागल्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरात ते वेळेत नेणे महत्त्वाचे झाले. त्यासाठी पोलिसांच्या साहाय्याने रस्ता मोकळा ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे.

केवळ शीत साठवणीत हृदय सुमारे ४, फुप्फुस ६ ते ८, यकृत ८ ते १२ व वृक्क २४ ते ३६ तास ठेवणे सामान्यतः सुरक्षित समजतात. दात्याचे वय जास्त असल्यास किंवा त्याचे हृदय आधीच थांबलेले असल्यास वाहिन्या अगोदरच दुबळ्या असतात व या मुदती आणखी आखूड होतात. अवयवांची वाण असल्याने अशा दात्यांचे अवयवही स्वीकारावे लागतात. त्यातील किती रुग्णाच्या उपयोगी पडतील, हे यापुढे पुष्कळसे अंतःस्तर किती शाबूत राखता येतो यावर ठरणार आहे.